तीन खणांचं कपाट: ग्लेझच्या नोंदी

३ नोव्हेंबर, रविवार

बुटकं कपाट, कमरेइतकं उंच, तीन खण, पाइनचं लाकूड. वर गडद तपकिरी पॉलिश, तेही ठिकठिकाणी चिकट झालेलं. प्रत्येक खणाच्या कडेने एक गोल पट्टी कोरलेली आहे आणि तिच्या आतल्या बाजूला बारीक खोबण. या खोबणीमुळेच हे कपाट निवडलं. ग्लेझला अडकून बसायला जागा लागते. सपाट फळीवर ते बऱ्याचदा नुसता डाग वाटतं.

बेत असा: आधी मळखाऊ पांढरा रंग द्यायचा, त्यावर ग्लेझ, आणि कपाट पन्नासेक वर्षं वापरात असल्यासारखं दिसायला हवं. ग्लेझ म्हणजे जवळजवळ पारदर्शक माध्यमात कालवलेला थोडासा रंग. तो खालचा रंग झाकत नाही, त्यावर फक्त छटा चढवतो. शिवाय सावकाश वाळतो, त्यामुळे लावल्यावर पुसायला अवधी मिळतो. मातीच्या भांड्यांवरच्या ग्लेझशी याचं नातं नावापुरतंच.

पॉलिश कसलं आहे ते कळावं म्हणून मागच्या बाजूला स्पिरिटचा थेंब ठेवला. मिनिटाभरात पॉलिश मऊ होऊन बोटाला लागलं. म्हणजे लाखेचं. बरं झालं. स्पिरिट, बारीक स्टील वूल आणि चिंध्यांनी निम्मं आजच निघालं. खिडक्या उघड्या होत्या तरी डोकं जड झालं. आधीचा रंग असता तर एवढ्या बिनधास्तपणे हात घातला नसता. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि तपासल्याशिवाय तो कोरडा घासायचा नसतो.

५ नोव्हेंबर

उरलेलं पॉलिश काढलं. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०. गाठींवर मेण काढलेल्या लाखेचे दोन हात. पाइनच्या गाठीतला चीक रंगातून वर येतो आणि काही महिन्यांनी पिवळे डोळे उमटतात. तसलं जुनेपण नको आहे. नंतर प्रायमरचा एक हात.

७ नोव्हेंबर

कडांवर आणि मुठींच्या आसपास आधी गडद हिरवट निळ्या रंगाचा एक हात मारला. उद्या वरचा पांढरा घासला की खालून हा डोकावेल, जणू मधे कधीतरी कपाटाचा रंग बदलला होता. तो वाळल्यावर जिथे पांढरा सुटायला हवा तिथे साध्या मेणबत्तीचा तुकडा घासून घेतला. मेणावर रंग धरत नाही.

मेण घासताना हात सैल ठेवायचा. पहिल्या खणाच्या कडेवर मी पट्टी धरल्यासारखी सरळ रेघ ओढली होती. ती खरवडून काढली.

८ नोव्हेंबर

मळखाऊ पांढऱ्याचे दोन हात. शुभ्र पांढरा जाणूनबुजून टाळला. त्यावर तपकिरी ग्लेझ चढलं की दोन्ही रंग वेगवेगळे ओरडतात. रंग सॅटिन, म्हणजे मंद चमकेचा घेतला, बिनचमकेचा मॅट नाही. कारण परवाच्या नमुन्यांच्या नोंदीत येईलच.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज ब्रश हातात घेतला नाही. घरातली एक खरोखर जुनी, रंगवलेली खुर्ची आणि एक जुना दरवाजा टॉर्च आडवा धरून पाहिला. तासभर गेला, पण संपूर्ण कामातला बहुधा सगळ्यात उपयोगी तास.

खुर्चीच्या हातांच्या टोकांना रंगच नाही, लाकूड दिसतं आणि तेही गुळगुळीत, काळपट. पुढच्या आडव्या दांडीचा वरचा भाग झिजलाय, कारण पाय तिथे टेकतात. मागच्या दांडीवरचा रंग मात्र जसाच्या तसा. पाठीच्या नक्षीत खोलवर काळं बसलंय, पण उंचवटे स्वच्छ, कारण फडकं फिरतं ते उंचवट्यांवरूनच. पायांच्या खालच्या चार बोटांत ओरखडे आणि ओल्या पोछ्याचे डाग.

दरवाजावर वेगळीच गंमत. हँडलच्या भोवती मळकट वर्तुळ आहे, पण ते हँडलला मध्यभागी धरून नाही, थोडं वर आणि आतल्या बाजूला सरकलेलं, कारण माणूस दार ढकलतो तेव्हा तळवा तिथे पडतो. बिजागरीकडचा भाग कपाटाच्या आडोशाला असतो आणि तो जास्त पिवळा. जवसाच्या तेलातला रंग अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात राहिला की पुष्कळ उजळतो. म्हणजे जिथे ऊन लागत नाही तिथेच पिवळेपणा जास्त. मी नेमकं उलट करणार होते.

कागदावर कपाटाचं चित्र काढून तीन खुणा केल्या: हात कुठे लागेल, फडकं कुठे पोचणार नाही, पाय कुठे आपटेल. वरच्या खणाला सगळ्यात जास्त हात, खालच्या खणाला पाय. मधला तसा नशीबवान.

१० नोव्हेंबर, रविवार

नमुने. एका प्लायच्या तुकड्यावर चौकोन आखून तीन प्रकारची जमीन, म्हणजे ग्लेझखालचा थर, तयार केली: मॅट रंग, सॅटिन रंग, आणि मॅटवर पारदर्शक ॲक्रिलिक वॉर्निशचा एक हात. ग्लेझ तिन्हीवर एकच: एक भाग रंग, चार भाग ॲक्रिलिक ग्लेझिंग माध्यम.

मॅटने ग्लेझ पिऊन टाकलं. पुसायला गेले तर डाग आत बसलेला, वर चिंधीचे फराटे. खडूसारखा कोरडा दिसणारा रंग वापरणाऱ्यांची बहुतेक रड हीच असावी. सॅटिनवर पुसायला चांगला वेळ मिळाला. वॉर्निश मारलेल्या मॅटवर त्याहून थोडा जास्त, आणि चुकलं तर ओल्या फडक्याने जवळजवळ पूर्ण निघालं. मग ठरवलं, सॅटिन असूनही ग्लेझच्या आधी वॉर्निशचा पातळ हात मारायचा. (हे ठरवूनही पुढे काय केलं ते १६ तारखेच्या नोंदीत.)

आता रंग. काळा सगळ्यात आधी बाद. पांढऱ्यावर पातळ काळा म्हणजे राखाडी. कपाट जुनं न वाटता धुरात ठेवलेलं वाटतं. बर्न्ट अंबर लालसर आणि उबदार, पण पांढऱ्यावर गंजासारखा. रॉ अंबर हिरवट झाक असलेला थंड तपकिरी, आणि तोच खोबणीतल्या सावलीच्या सगळ्यात जवळ गेला. मुळात दोन्ही एकाच मातीचे. त्यात लोहाची आणि मँगनीजची ऑक्साइडं असतात. माती भाजली की लोहाच्या संयुगातलं पाणी उडतं आणि रंग लालसर होतो. एवढ्याशा भाजण्याने स्वभाव किती बदलतो.

शेवटी ठरलेलं मिश्रण: रॉ अंबर तीन भाग, बर्न्ट अंबर एक भाग, आणि या एकत्र रंगाच्या चौपट माध्यम. दुसऱ्या थरासाठी यातच आणखी थोडा रॉ अंबर. पाणी अगदी थोडं. जास्त घातलं की ग्लेझ उभ्या फळीवरून ओघळतं आणि वाळलेला थर दुबळा होतो. मिश्रण एकदाच भरपूर करून झाकणाच्या डब्यात ठेवलं, कारण अर्ध्यात संपलं तर तीच छटा पुन्हा जुळत नाही.

तेलाचंही करून पाहिलं: जवसाचं तेल, टर्पेंटाइन, ट्यूबमधला अंबर. सुंदर. पाऊण तासानंतरही हलवता येत होतं, कडा आपोआप विरघळत होत्या. पण वाळायला किती दिवस घेईल याचा भरवसा नाही आणि वर मला पाण्यातलं वॉर्निश द्यायचंय. म्हणून नाही. त्या चिंध्या मात्र बोळा करून टाकल्या नाहीत, बाहेर एकेक सुट्या पसरून वाळवल्या. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडली तर चिंधी आपोआप पेटू शकते.

१२ नोव्हेंबर

कडा घासल्या. मेण लावलेल्या जागी पांढरा पापुद्र्यासारखा सुटला, खालचा निळा डोकावला, दोन-तीन ठिकाणी लाकूडही. २२० चा पेपर, हलका हात. सुटलेलं मेण टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घेतलं, नाहीतर पुढचे हात तिथे धरणार नाहीत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज सगळं बिघडवलं.

पहिली चूक, वॉर्निशचा हात मारलाच नाही. सॅटिन आहे, चालेल, असं मनाशी म्हटलं. दुसरी, खण बाहेर न काढता अख्ख्या कपाटाला एकदम ग्लेझ लावत सुटले. वरच्या फळीपासून सुरुवात करून डाव्या बाजूला खालपर्यंत पोचले तोवर फळीवरचं ग्लेझ धरायला लागलं होतं. पुसलं तर मधे चट्टे, कडेला जाड तपकिरी रेघ. दोन पट्टे जिथे एकमेकांवर आले तिथे दुप्पट गडद. मग ते लपवायला आणखी ग्लेझ लावलं. हे करू नये हे मला माहीत होतं, करतानाही माहीत होतं.

तिसरी चूक जास्त महत्त्वाची. सगळीकडे सारखं लावलं आणि सगळीकडे सारखं पुसलं. गेल्या शनिवारचा खुणांचा कागद भिंतीवर चिकटवलेला होता, त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

संध्याकाळी आई येऊन उभी राहिली. दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे पुसायचं राहिलंय का?"

राहिलं नव्हतं. पुसून झालं होतं.

रात्री तिचं बोलणं डोक्यात घोळत राहिलं. जुनं आणि मळकं यांत फरक आहे. मळकं म्हणजे कोणी हात लावलेला नाही. जुनं म्हणजे वर्षानुवर्षं कोणीतरी पुसलेलं आहे आणि तरीही काही जागी फडकं पोचलेलं नाही. मी कपाटावर मळ चढवला, पण पुसणारा माणूस त्यात दिसतच नव्हता.

१७ नोव्हेंबर, रविवार

दुरुस्ती. ओलं फडकं आणि भांडी घासायच्या मऊ पॅडने खणांवरचं बरंचसं निघालं. डावी बाजू आणि वरची फळी हटेनात. स्पिरिटने ॲक्रिलिक मऊ होतं खरं, पण ग्लेझबरोबर खालचा पांढराही उचलला गेला, म्हणून थांबले. त्या दोन्ही जागा २२० ने घासून पुन्हा पांढऱ्याचा एक हात.

खोबणीत थोडं तपकिरी राहिलंय. राहू दे. तिथे ते खरं वाटतं.

१९ नोव्हेंबर

संपूर्ण कपाटाला पारदर्शक ॲक्रिलिक वॉर्निशचा पातळ हात, या वेळी न चुकता. मुठी काढून ठेवल्या. तीन दिवस हात लावायचा नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा पहिल्यापासून. खण बाहेर, एका वेळी एकच, टेबलावर आडवा. आडव्या फळीवर ग्लेझ ओघळत नाही एवढ्यानेच निम्मी घाई संपली.

क्रम असा बसला. आखूड केसांच्या, झिजलेल्या ब्रशने ग्लेझ आधी खोबणीत ठोसून भरायचं. मग सपाट भागावर जेमतेम पसरायचं. साधारण दोन मिनिटं थांबायचं. धुतलेल्या, धागे न सुटणाऱ्या सुती कपड्याचा बोळा घेऊन मधून कडेकडे पुसत जायचं, आणि बोळ्याची बाजू सतत बदलायची. मळलेल्या बाजूने पुसलं की काढलेलं ग्लेझ परत लागतं. शेवटी मोठा, पूर्ण कोरडा, मऊ ब्रश ओल्या ग्लेझवरून फक्त टेकवत फिरवायचा. पुसलेल्या आणि न पुसलेल्या भागातली सीमारेषा त्याने विरते. या ब्रशला दर दोन-तीन फटक्यांनी फडक्यावर झाडावं लागतं.

पुसण्याची दिशाही लागते. लाकडाचे रेषे ज्या बाजूला, फडकंही त्या बाजूला. घर झाडणारं माणूस खणाची फळी उभी पुसत नाही.

वरचा खण: मुठीभोवती ग्लेझ ठेवलं, पण गोल नाही. मुठीच्या खाली जास्त, कारण खण ओढताना बोटं खाली वळतात. मधला खण जवळजवळ स्वच्छ पुसला, फक्त खोबणी. खालच्या खणाच्या तळाच्या कडेला जास्त. आधी मला वाटलं होतं तिन्ही खण वेगवेगळे दिसतील तर चुकल्यासारखं वाटेल. उलट झालं, तिन्ही एकाच कपाटाचे वाटायला लागले ते यामुळेच.

वरच्या फळीवर मधोमध काहीच ठेवलं नाही. मागच्या कडेला, जिथे कपाट भिंतीला टेकतं आणि फडकं पोचत नाही, तिथे बोटभर रुंदीची सावली. एवढी मोठी फळी एकदम पुसून होणार नाही म्हणून ग्लेझ मागच्या एक तृतीयांश भागातच लावलं आणि पुढच्या बाजूला कोरड्या ब्रशने विरवत नेलं. जोड दिसत नाही, कारण जोडच नाही.

दोन्ही बाजूंच्या फळ्या एकेक करून, एका दमात, मधे फोन न घेता.

आई आली, पाहिलं, काही बोलली नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

दुसरा थर, गडद मिश्रणाचा, फक्त सगळ्यात खोल जागी: खोबणीचे कोपरे, पाय आणि सांगाडा जिथे जुळतात ते सांधे. पहिला थर वाळल्याची खात्री करूनच, नाहीतर नवं ओलं ग्लेझ खालचं उचलतं.

एक चूक. खालच्या उजव्या कोपऱ्यावर झीज कमी वाटली म्हणून आत्ता पेपर घासला. उघडं पडलेलं लाकूड पिवळंधमक, ताजं. काल घरात आणताना आपटल्यासारखं. घासणं नेहमी ग्लेझच्या आधी. मग ग्लेझ त्या लाकडावरूनही जातं आणि जखम जुनी दिसते. बारीक ब्रशने त्या जागी ग्लेझ टेकवून लगेच पुसलं. उघड्या लाकडाने ते भराभर प्यायलं आणि जरा जास्तच काळं झालं. तरी आधीपेक्षा बरं.

नंतर शिंतोडे. टूथब्रश पातळ ग्लेझमध्ये बुडवायचा, कागदावर झटकायचा, मग अंगठ्याने केस मागे ओढून सोडायचे, की बारीक ठिपके उडतात. जुन्या रंगकामावरच्या माश्यांच्या डागांसारखे. पहिले दहा ठिपके झकास. मग मजा यायला लागली आणि वरच्या फळीवर गोवर उठला. ओल्या फडक्याने दोन तृतीयांश पुसले. ही युक्ती मोह आवरता येणाऱ्यांसाठी आहे.

भेगा पाडायचाही विचार मनात होता: जमिनीवर गोंदाचा थर आणि वरून लवकर वाळणारा रंग, की वरचा आकसून तडकतो. सोडून दिला. एकाच कपाटावर झीज, मळ, ठिपके आणि भेगा म्हणजे सगळे दागिने एकदम घातल्यासारखं.

२६ नोव्हेंबर

फक्त पाहणं. सकाळी खिडकीच्या उजेडात ठीक. रात्री पिवळ्या दिव्याखाली ग्लेझ जवळजवळ नाहीसं होतं, खोबणीतलं तेवढं दिसतं. गडद करायचा मोह झाला, पण दिवसा बघूनच ठरवायचं म्हणून हात आवरला. उजवी बाजू खिडकीकडे येणार आहे. तिथलं आता पुरे.

३० नोव्हेंबर, शनिवार

वरचं संरक्षण. पाण्यातलं मॅट पॉलियुरेथेन वॉर्निश. तेलातलं वॉर्निश स्वतःच पिवळं असतं आणि पुढे आणखी पडत जातं. जुनेपणाला ते मदतच करेल असं वाटू शकतं, पण ते सगळीकडे सारखंच पिवळं करतं, आणि सारखेपणाच तर टाळायचा आहे.

आधी कपाटाच्या मागे, जिथे ग्लेझचा एक पट्टा मुद्दाम चाचणीसाठी ठेवला होता, तिथे लावून पाहिलं. ब्रश तीनदा फिरवल्यावर ग्लेझ सरकायला लागलं. म्हणून पहिला हात अगदी पातळ, एका दिशेने, परत न फिरवता. तो वाळला की खालचं पक्कं होतं. दुसरा हात मग नेहमीसारखा. डबा हलवायचा नाही, काठीने सावकाश ढवळायचा. चकाकी कमी करणारी पूड तळाशी बसते, ती वर आली पाहिजे, आणि हलवलं तर फेस होतो.

मॅटचे दोनच हात. त्याहून जास्त झाले तर खोबणीतली सावली धुरकट दिसायला लागते. वरच्या फळीवर वस्तू ठेवल्या-उचलल्या जाणार, तिला तिसरा हात हवा होता. तिथे पहिला हात चकचकीत प्रकाराचा दिला आणि वरचे दोन मॅटचे. धुरकटपणा टळला.

१ डिसेंबर

मुठी बसवल्या. जुन्याच, लाकडी. त्यांना ग्लेझ लावून तळव्यावर घोळवत पुसलं, बाकी काही नाही.

खण आत ढकलले नाहीत. हाताला कोरडं लागणं वेगळं आणि आतून पक्कं होणं वेगळं. त्याला तीन-चार आठवडे लागतात. तोवर रंगाला रंग दाबून ठेवला तर चिकटतो आणि ओढताना पापुद्रा घेऊन येतो.

२९ डिसेंबर, रविवार

चार आठवडे झाले. खण आत गेले. नखाने मागच्या बाजूला दाबून पाहिलं, वळ उठला नाही.

खालचा काळा कोपरा अजून नजरेत येतो, मला तरी. पाहुण्यांपैकी कोणाला दिसला नाही. एकाने तर त्याच कोपऱ्यावर बोट ठेवून कपाट किती जुनं असेल ते विचारलं. ठिपके अजूनही थोडे जास्त आहेत.

मधला खण अडकतो. रंगाचे एवढे हात चढल्यावर कडेने जाडी वाढणारच. तो बाहेर काढून आतल्या पट्टीवरचा रंग १२० ने उतरवला आणि उरलेल्या मेणबत्तीचा तुकडा तिथे घासला. आता सरकतो, शेवटच्या दोन बोटांत जरा कुरकुरत.